चार नंबरचं सारवण

केवळाबाईच्या उजव्या हाताला अनामिका नाही. विळ्यानं गेली, लग्नाच्या आधी.

*

हिमायतनगरला लोक अजून वाढोणाच म्हणतात. वरून हुकूम आला म्हणून तोंडातलं नाव बदलत नाही.

*

कमरेला पाच किल्ल्या असल्या की बाई चालताना वाजते. माझा भाऊ म्हणतो, बाईनं वाजू नये.

*

माझ्या दाराच्या चौकटीवर गेरूनं एक ओळ लिहिलेली आहे. उर्दूत. मला उर्दू येत नाही. पुसायची राहून गेली.

*

गडावर सकाळी तांबूल कुटायला लागतात, तेव्हा तळ्यावरचे बगळे उडतात. रोज उडतात. रोज परत येतात.

*

नव्या सुनेला पहिल्यांदा सारवायला बसवलं की ती दारातून सुरुवात करते. सारवत सारवत आत जाते आणि कोपऱ्यात अडकते. पुढे सगळं ओलं, मागे भिंत. यावर घर पोट धरून हसतं.

*

मी माहूरला पाच घरं सांभाळते. तळ्याच्या उगवतीला ती ओळीनं आहेत. काळ्या दगडाची, मातीच्या धाब्याची. प्रत्येक घर म्हणजे एक लांब खोली. एक दार, धाब्यात उजेडापुरतं वीतभर भोक, आतल्या भिंतीत एक देवळी. दुसरी वाट नाही. एक नंबरात मी राहते. दोन ते पाच रेणुकेच्या आणि दत्ताच्या दर्शनाला येणाऱ्यांना दोन दिवस, चार दिवस देते. हिंगोलीचे येतात, उदगीरचे येतात, वऱ्हाडातले येतात. आई गेलेले तळ्यावर तिचे विधी करायला येतात. सगळ्यांना तेच हवं असतं: कोरडी जमीन, भरलेला रांजण, सरपण आणि लागणारं कुलूप.

घरं नांदेडच्या शरदचंद्रराव वकिलांची. माझा नवरा श्रीपाद त्यांचा कारकून होता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आता कमी व्हायला काही उरलेलं नाही, म्हणून घेते. तो तापानं गेला तेव्हा किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. कोणी मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत. भाऊ उद्धव नांदेडहून लिहीत राहिला, ‘चंद्रप्रभा, इकडे ये, तुझ्या वहिनीला मदत होईल.’ ती मदत मला ठाऊक आहे. पहाटेचं पाणी, दोन्ही वेळच्या भाकरी आणि माजघराच्या दारात अंथरायला एक सतरंजी. मी उत्तरं लिहिली नाहीत.

माझा नियम एकच. मंडळी गेली की घर सारवायचं. भिंतीकडून सुरू करून मागे सरकत दाराशी यायचं आणि उंबरठ्याबाहेर उतरायचं. मग कुलूप. वाळेपर्यंत आत कोणाचाही पाय पडणार नाही. एकदा तहसीलदारीणबाई भर उन्हात दीड तास ओट्यावर बसल्या. पंखा दिला, पन्हं दिलं. आत जाऊ दिलं नाही.

*

सरकारी हिशेबानं ते फसली तेराशे बावन्न साल होतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चार नंबरची मंडळी गेली. माझ्या हाताखालच्या केवळाबाईनं सारवलं. मी बाहेर उभी राहून बघत होते. ती मागे सरकत उंबरठ्यावर आली, हात झटकला, घमेलं उचललं, आणि मी कुलूप लावलं.

दुपारी तीनच्या सुमारास वाळलं का बघायला दार उघडलं. ऊन भोकातून खाली पडलं होतं. जमीन ओली होती. सकाळची ओल नव्हे, आत्ताची. शेणाचा ताजा, हिरवट वास येत होता.

केवळाबाईचं सारवण मी डोळे मिटूनसुद्धा ओळखेन. तिच्या प्रत्येक फेऱ्यात दोन रेघा, मग एक फट, मग एक रेघ. इथे रेघा चार होत्या. एकमेकींना चिकटलेल्या, बारीक. फेरा एवढासा. हात लहान होता.

सारवणात दिशा दिसते. प्रत्येक नवा फेरा आधीच्या फेऱ्यावर जरासा चढतो. कुठला वर आणि कुठला खाली हे पाहिलं की सारवणारी कुठून कुठे गेली ते कळतं. मी उंबरठ्यावर उकिडवी बसून पाहिलं. पहिला फेरा माझ्या पायाशी होता. तिथून ते आत गेले होते. शेवटचे फेरे देवळीखालच्या कोपऱ्यात होते, आणि तिथे दोन पावलांएवढी जागा सारवायची राहिली होती.

मी केवळाबाईला हाक मारली.

तिनं वाकून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. “अगं बया! वकिलानं नवी सून आणली का काय? दारातून सुरू केलंय येडीनं!”

“तू केलं नाहीस?”

“म्या? माझ्या हाताला कवा चार रेघा आल्या, चंदाबाई?” ती अजून हसत होती. मग तिची नजर रेघांवरून सरकत कोपऱ्यात गेली. दोन कोरड्या पावलांपाशी थांबली. परत दारापर्यंत आली. मध्ये कुठेच ठसा नव्हता.

“मंग ती बाहीर कुठून पडली?” केवळाबाई म्हणाली.

*

मी भुताखेतांवर वेळ घालवणारी नाही. ज्याला या घरांचं वाईट व्हावंसं वाटतं असा एक माणूस मला माहीत होता. वकिलांचे चुलतभाऊ अण्णाराव. गडाच्या वाटेवर त्यांचं हळदीकुंकवाचं दुकान होतं आणि माझ्या कमरेकडे पाहिल्याशिवाय ते माझ्याशी बोलत नसत.

“वहिनी,” ते म्हणायचे, “परक्या माणसांना घरं द्यायची, उठवायची, हे काय बाईमाणसाचं काम हाय का? दादा भिडेनं बोलत न्हाईत, म्हणून आम्ही बोलून राहिलो.”

“तुमच्या दुकानाला कुलूप कोणाचं?” मी विचारलं.

“माझंच. का हो?”

“चांगलं लागतं का?”

त्यांची नजर पुन्हा माझ्या कमरेकडे गेली. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणार, असं मी धरून चालले. नांदेडहून नवं कुलूप मागवलं. दिवाळीनंतर चार नंबर रिकामं झालं तेव्हा केवळाबाईनं पुन्हा सारवलं. मी नवं कुलूप लावलं आणि कडीला माझ्या लुगड्याच्या काठाचा लाल दोरा गुंडाळून सात गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही गाठी जागच्या जागी होत्या. मी त्या दातांनी सोडवल्या.

चार रेघा. दारापासून आत. कोपऱ्यात दोन पावलं.

या वेळी मी वाळेपर्यंत दारातच बसून राहिले. केवळाबाई शेजारी बसून तंबाखू मळत होती. जमीन कडेनं पांढुरकी होत गेली. सगळी वाळली. तेव्हा मी आत गेले आणि कोपऱ्यातल्या त्या दोन जागांवर तळहात ठेवला. त्याच जागा आता ओल्या होत्या. शेणाची ओल नव्हे. उन्हातून चालत आलेलं माणूस फरशीवर उभं राहून गेलं की राहते तशी, घामाची.

“म्या भ्या‍ले न्हाई,” केवळाबाई दारातून म्हणाली. “पर माझ्या सारवणावर दुसरीनं हात फिरवायचा म्हणजे? माझं वंगाळ हाय का? तसं तोंडावर सांगावं.”

“कोणाला सांगतेस?”

“हाय तिला.”

*

उदगीरचे ईश्वरप्पा धान्याचे व्यापारी. आईचे विधी करायला ते बायकोला घेऊन आले, ते ठरल्यापेक्षा अर्धा दिवस आधी. चार नंबर नुकतंच सारवलं होतं. मी त्यांना ओट्यावर बसवलं, किल्ली लक्ष्मम्मांच्या हातात दिली आणि म्हटलं, “वाळलं की आत जा. आधी पाऊल ठेवायचं नाही.” तीन नंबरला गाडी आली म्हणून मी तिकडे गेले.

परत आले तर लक्ष्मम्मा दार उघडून उंबरठ्याबाहेर बसल्या होत्या आणि आत बघून बोलत होत्या.

“म्या पाय ठेवला न्हाई हं,” मला पाहून त्या लगेच म्हणाल्या. “दारातूनच बोलले. तुमची सून का हो ती?”

ईश्वरप्पा तळ्यावर गेले होते. ओट्यावर ऊन होतं. बगळे पाण्यात उभे होते.

“कोण?” मी म्हटलं.

“ती काय, कोपऱ्यात. पाप!” त्यांच्याकडे कीव आली की पाप म्हणतात. “म्या म्हणलं, ये अव्वा, बाहेर ये, पाणी पी. तर न्हाई म्हणली. पाय उचलला तर उमटंल, म्हणली. बाई रागावतील, म्हणली.”

“कुठल्या बाई?”

लक्ष्मम्मांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तो प्रश्न वेडेपणाचा वाटला असावा.

मी आत पाहिलं. ओली जमीन, देवळी, खुंटीवर काही नाही, भोकातून येणारा उजेड. कोपरा मोकळा होता.

मी त्यांना दुसरं घर देऊ शकले असते. पाच नंबर रिकामं होतं. पण चार नंबर मी सोडलं असतं तर पुढच्या आठवड्यात तीन नंबर सोडावं लागलं असतं, आणि मग नांदेडची सतरंजी. मी म्हटलं, “लाजाळू आहे. असू दे.”

ती दोघं चार दिवस राहिली. निघताना लक्ष्मम्मांनी किल्ली दिली आणि खणाचं एक कापडही.

“हे तिला. आम्ही तिचा कोपरा सोडूनच निजलो. रोज ताट ठेवलं, खाल्लं न्हाई.” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “पोरीला एवढा धाक लावू न्हाई, बाई. लहान हाय.”

*

लक्ष्मम्मा सरळ मनाच्या. त्यांनी वाटेत गाडीवानाला सांगितलं. गाडीवानानं अण्णारावांच्या दुकानात सांगितलं. अण्णारावांनी सगळ्यांना सांगितलं.

मार्गशीर्ष लागला तशी मंडळी ओट्यावरूनच विचारू लागली, “हे चार नंबर तर न्हाई ना?” मग वकिलांचं पत्र आलं. त्यांचं अक्षर कोर्टातल्या माणसासारखं, घाईचं.

‘चार नंबरविषयी जे ऐकतो ते वाईट आहे. दत्तजयंतीस सकाळी मी स्वतः येतो. घर उघडून बघेन. निर्वेध असेल तर प्रश्न नाही. नसेल तर घर कायमचं बंद करू, किल्ल्या अण्णारावांकडे द्याव्यात. उद्धवरावांना कळवले आहे.’

केवळाबाईला मी ते वाचून दाखवलं.

“निरवेध म्हंजे?”

“कोणी नसलेलं.”

“मंग गेलंच की,” ती म्हणाली.

दत्तजयंतीला उजाडताच चार नंबर मी माझ्या हातानं सारवलं. भिंतीकडून दाराकडे, एक फेराही न सोडता. देवळीखालचा कोपरा दोनदा. उंबरठ्यावर येऊन थांबले आणि रिकाम्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, “हे माझं घर आहे. इथे सारवण मी करते.”

कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरून ओट्यावर बसले. उठले नाही.

*

नऊ वाजता वकील आले. मागे अण्णाराव. वाटेवरून गडाकडे चाललेले चार लोकही थांबले. केवळाबाई पदर खोचून माझ्या शेजारी उभी राहिली.

“उघडा, चंद्राबाई,” वकील म्हणाले.

मी उघडलं.

चार रेघा. दारापासून आत.

माझा एकही फेरा शिल्लक नव्हता.

“हे काय आहे?” वकिलांनी विचारलं. मी दिशा दाखवली, कोपरा दाखवला. लपवलं काहीच नाही. ते हुशार माणूस; लगेच समजले. त्यांनी धाब्याच्या भोकाकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, माझ्या मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं.

“दादा, म्या काय सांगत होतो?” अण्णाराव म्हणाले. “खिळे आणलेत म्या.”

त्यांच्या हातात खरंच पुरचुंडी होती. आणि काखेत फळी.

“ठोका,” वकील म्हणाले. “किल्ल्या द्या, चंद्राबाई. उद्या गाडी येईल, तुम्हाला नांदेडला पोचवेल. उद्धवरावांचं घर आहे, काही कमी पडणार नाही.”

मी कमरेला हात घातला. किल्ल्या वाजल्या.

तेव्हा मला ती दोन पावलं दिसली. कोरडी, जुळवलेली. टाचा भिंतीला टेकलेल्या.

दार ठोकलं की ती तिथेच राहणार होती. पाय न उचलता.

बाई रागावतील म्हणून.

“खिळे थांबवा,” मी म्हटलं.

“वहिनी, आता पुरे.”

“अण्णाराव, ती मुसाफिर आहे. माझ्या घरातल्या मुसाफिराला मी उठवते. तुम्ही नाही.”

आणि मी उंबरठा ओलांडला.

*

माझ्या ओल्या सारवणावर आजवर कोणी पाय ठेवला नव्हता. पहिला मी ठेवला.

हलका नाही. टाच रुतवून.

दुसरा. तिसरा. शेण बोटांतून वर आलं. मागे केवळाबाई “अगं आई” म्हणाली.

फेरे तुडवत, मोडत, पसरवत मी कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यात कोणी नव्हतं. देवळीत कोळ्याचं जाळं होतं. बाकी काही नाही. गार वाटलं नाही, वास आला नाही.

“बघ,” मी म्हटलं. “सगळं मी तुडवलंय. आता कोणी बोलायचं तर मला बोलेल. आणि मला बोलून बघावं कोणी.”

हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही.

“ऊठ. चल.”

मी वळले आणि चालू लागले. मागे पाहिलं नाही.

दारात वकील होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली गेली. माझ्या मागे गेली. माझ्याबरोबर पुढे येऊ लागली.

उंबरठ्याबाहेर आले तेव्हा पाहिलं.

माझी पावलं आत गेलेली.

माझी पावलं बाहेर आलेली.

आणि त्यांच्या डाव्या बाजूला, माझ्या पावलांशी पाऊल जुळवायला धडपडणारी, वीतभर लांबीची. बाहेर येणारी. आत गेलेली नव्हतीच.

अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती कडीचा ठसा. जोडव्याचा. माझी जोडवी काढून दोन वर्षं झाली होती.

अण्णारावांची फळी खाली पडली.

“अण्णाराव, बाजूला व्हा,” मी म्हटलं. “वाट द्या.”

ते सरकले. माझ्या एकटीला लागते त्याहून जास्त सरकले.

ओट्याच्या दगडांवरून मी एक नंबरकडे चालत गेले. शेणाचे ठसे उठत होते. आधी ठळक, मग फिके. माझे आणि शेजारचे. माझ्या उंबरठ्यापाशी ते संपले.

*

मी रांजणापाशी पाय धुतले. तांब्या जरा कडेला कलता धरला, दुसऱ्या कोणाचे धुवायचे असावेत तसा. उदगीरचं खणाचं कापड देवळीत ठेवलं.

वकील बराच वेळ माझ्या दाराबाहेर उभे होते. आत आले नाहीत.

“चार नंबर निर्वेध आहे,” मी म्हटलं. “उद्यापासून मंडळी घेते.”

“आणि उद्याची गाडी?”

“दोघींना बसायला जागा असेल तर पाठवा. उद्धवला तसं लिहा.”

त्यांनी घसा खाकरला. “किल्ल्या राहू द्या तुमच्याकडे.”

“त्या माझ्याकडेच आहेत.”

केवळाबाई ओट्यावर बसून हसली. तोंडावर पदर घेऊन, पण हसली. “सारवायला मदत झाली बाई आपल्याला,” ती म्हणाली. “फकस्त भिंतीकडून सुरू कर म्हणावं.”

वकिलांना निघायचं होतं, पण पाय निघत नव्हता. माणूस अशा वेळी जे समोर दिसेल ते वाचू लागतो. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या चौकटीवरची गेरूची ओळ वाचू लागले.

“ही खानेसुमारीवाल्यानं माणसं मोजून लिहिलेली दिसते,” ते म्हणाले. “तेराशे पन्नासची. तुम्ही होता का घरी?”

“नाही. पाण्यावर होते. आले तेव्हा लिहून गेला होता.”

“कोणाला विचारून लिहिलं मग?” ते अक्षरांवरून बोट फिरवत होते. “घर एक. पुरुष, काही नाही.” बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं आणि त्याच ठिकाणी थांबलं. “बायका दोन. एक चौतीस. एक अकरा.”

श्रीपादला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आणि मी त्या घरात एकटी राहत होते.